घराच्या पायाला दिलेल्या आधाराचे काम संशयास्पद वाटल्यास : पुण्यातील घरमालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात जुन्या घरांच्या संरचनेची तपासणी करते. पेठांतील वाडे, १९६१ च्या पानशेत पुरानंतर वसलेल्या गोखलेनगरसारख्या वसाहतींतील घरे, कोथरूड आणि सहकारनगरमधील जुने बंगले यांच्या पायाला नवा आधार देण्याचे काम निघाले की, ते अर्ध्यावर आल्यावर किंवा पूर्ण झाल्यावर घरमालक चिंतेने विचारणा करतात. त्यांचे प्रश्न बहुतेक वेळा सारखेच असतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहीत आहे.

प्रश्न : येथे कोणत्या कामांचा विचार केला आहे?

खचलेल्या भिंतीच्या पायाखाली खोदून नवे काँक्रीट भरणे, म्हणजेच अंडरपिनिंग. जुन्या कॉलमभोवती लोखंड आणि काँक्रीटचे वेष्टन घालणे, म्हणजे जॅकेटिंग. वाकलेल्या बीमखाली नवे फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा रुंद पाया, घेऊन नवा कॉलम उभा करणे. आणि या सर्व कामांच्या काळात घर तोलून धरणारे तात्पुरते लोखंडी टेकू. ही सर्व कामे काही दिवसांतच माती, फरशी किंवा गिलाव्याखाली झाकली जातात. स्वयंपाकघरातील चुकीची फरशी दहा वर्षांनीही दिसते, पायातील चूक मात्र खड्डा बुजेपर्यंतच दिसते. त्यामुळे शंका आली असेल तर खड्डा उघडा असतानाच ती बोलून दाखवावी.

प्रश्न : मी अभियंता नाही. काम चुकते आहे हे मला कसे कळणार?

मोजण्याजोग्या गोष्टी मोजाव्यात. सर्वप्रथम ठेकेदाराकडे स्ट्रक्चरल अभियंत्याच्या सहीचे रेखाचित्र मागावे. ते नसेल, किंवा “मिस्त्रीला सगळे माहीत आहे” असे उत्तर मिळाले, तर इतर काहीही तपासण्यापूर्वी काम थांबवण्यास तेवढे कारण पुरेसे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रेखाचित्र हाती असेल तर फुटिंगची लांबी, रुंदी आणि खोली टेपने मोजावी. सळया मोजाव्यात आणि त्यांची जाडी पाहावी. जाडीविषयी शंका असल्यास एक मीटर तुकडा वजन करून पाहावा. जाडीचा मिलिमीटरमधील वर्ग करून त्याला १६२ ने भागले की एक मीटरचे वजन किलोग्रॅममध्ये मिळते, त्यामुळे १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ८९० ग्रॅम भरायला हवी. फुटिंगची जाळी थेट मातीवर किंवा दगडाच्या कपच्यांवर टेकलेली नसावी. खाली पीसीसीचा, म्हणजे लोखंडाविना साध्या काँक्रीटचा थर आणि त्यावर जाळी उचलून धरणारे छोटे कव्हर ब्लॉक हवेत, कारण आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकानुसार फुटिंगमधील लोखंडाभोवती किमान ५० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण असावे लागते. कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांची टोके काटकोनात वाकवून सोडलेली नसावीत, तर १३५ अंशांत आतल्या काँक्रीटमध्ये वळवलेली असावीत. आयएस १८९३ : २०१६ नुसार पुणे भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येते आणि अशा क्षेत्रासाठी आयएस १३९२० मध्ये हे सांगितलेले आहे. भूकंपाच्या हादऱ्यात बाहेरचे काँक्रीट निखळले की काटकोनी रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. फिटरला रिंग पूर्ण वळवायला प्रत्येकी अर्धा मिनिट जास्त लागतो, आणि तेवढ्यासाठी हे काम टाळले जाते, याचे मला आजही वाईट वाटते.

प्रश्न : ठेकेदार म्हणतो, “थोडे पाणी वाढवले की माल कोपऱ्यापर्यंत नीट बसतो.” यात चूक काय?

माल नीट बसतो, परंतु काँक्रीट कमकुवत होते. एम २० दर्जाच्या काँक्रीटच्या नाममात्र, म्हणजे ठरावीक प्रमाणाने केलेल्या, मिश्रणासाठी आयएस ४५६ ने सिमेंटच्या ५० किलोग्रॅमच्या एका पिशवीमागे कमाल ३० लिटर पाणी सांगितले आहे, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातील पाणीही याच हिशेबात धरायचे असते. जास्तीचे पाणी वाळले की त्याच्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि त्यांतून ओल लोखंडापर्यंत पोहोचते. अरुंद जागेत माल बसवण्यासाठी व्हायब्रेटर, बारीक खडी आणि गरज असेल तर प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारे रसायन, वापरावे. पाइपाने डोळ्यांच्या अंदाजाने पाणी सोडताना दिसले, तर बादलीने मोजून घालण्याचा आग्रह त्याच क्षणी धरावा.

प्रश्न : “लोखंड जास्तच टाकले आहे, मग काळजी कशाची?” या म्हणण्यात तथ्य आहे का?

नाही. लोखंड कितीही घातले तरी आधार आणि भार यांच्यामध्ये फट असेल, किंवा आधाराखालची माती मऊ असेल, तर त्या लोखंडाचा उपयोग होत नाही. पुढचे दोन प्रश्न याविषयीच आहेत, आणि ते सर्वांत महत्त्वाचे आहेत.

प्रश्न : नवा कॉलम उभा राहिला. तो खरोखर भार घेतो आहे हे कसे समजावे?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, आणि माझ्या पाहण्यातील सर्वांत गंभीर चुका इथेच झालेल्या आहेत. जुन्या बीमखाली नवा कॉलम ओतताना साचा अगदी वरपर्यंत भरला, तरी ताजे काँक्रीट थोडे खाली बसते आणि पुढे वाळताना आणखी आकसते. त्यामुळे कॉलमच्या माथ्याशी, नेमक्या भार जिथून उतरायचा त्या जागी, बारीक फट राहते. योग्य पद्धतीत कॉलम बीमच्या काही सेंटीमीटर खालीच थांबवतात, तो पुरेसा घट्ट झाल्यावर उरलेल्या जागेत जेमतेम ओलसर सिमेंट-वाळूचा माल ठोकून ठोकून भरतात, किंवा न आकसणारे ग्राउट, म्हणजे फटी भरण्याचा पातळ माल, एका बाजूने ओतून दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत भरतात.

सिंहगड रस्त्याच्या परिसरातील एका बंगल्यात असे चार नवे कॉलम मला दाखवण्यात आले. गिलावा सुबक होता, रंगही झाला होता. माथ्याजवळचा वीतभर गिलावा काढल्यावर चारपैकी तीन कॉलमवर पोस्टकार्ड सहज आत सरकेल एवढी फट निघाली. ती बाहेरून सिमेंटच्या लापशीने लिंपून टाकलेली होती. घरातील आजींचा पलंग त्याच बीमखाली होता आणि आता घर सुरक्षित आहे या विश्वासाने त्या तिथे रोज झोपत होत्या. ते तीन कॉलम एक किलोग्रॅमही भार पेलत नव्हते.

फट नसली तरी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. घराचा सध्याचा भार आधीपासून जुन्या आधारावर बसलेला असतो, आणि नवा कॉलम शेजारी उभा केला म्हणून तो आपोआप त्याच्यावर येत नाही. म्हणून कामापूर्वी वरच्या मजल्यावरील जड सामान व पाण्याच्या टाक्या हलवून भार कमी करावा, बीम दोन्ही बाजूंनी टेकूंवर घ्यावा, आवश्यक असल्यास जॅकने अगदी सावकाश भार उचलून धरावा, आणि नवा कॉलम व त्याच्या माथ्याचे ग्राउट घट्ट झाल्यावरच टेकू हळूहळू सैल करावेत. हा क्रम ठेकेदाराने लिहून दिला आहे का, हे विचारावे.

जॅकेटिंगचेही असेच आहे. वेष्टन फरशीपाशी सुरू होऊन स्लॅबखाली संपत असेल, त्याच्या उभ्या सळया खाली फुटिंगमध्ये आणि वर स्लॅबमधून पलीकडे गेलेल्या नसतील, तर ते वेष्टन जुन्या कॉलमला थोडे आवळून धरते, पण त्याच्या वाट्याचा भार जमिनीपर्यंत पोहोचत नाही. जॅकेटिंगचे काम झाले आणि फरशी कुठेही फोडलेली नाही, असे दिसले तर हा प्रश्न नक्की विचारावा.

प्रश्न : खड्डा किती खोल हवा? ठेकेदार “मुरूम लागला” म्हणून थांबला आहे.

पुण्यात याचे एक उत्तर देता येत नाही. शहराखाली बसाल्टचा काळा पाषाण आहे, त्यावर मुरूम आणि त्याच्याही वर अनेक ठिकाणी काळी माती. मुळा-मुठेच्या काठांकडे मातीचा थर जाड असू शकतो, टेकड्यांच्या उतारावर हातभर खाली खडक लागतो, आणि एकाच प्लॉटच्या दोन कोपऱ्यांतही फरक पडतो. जुना नाला किंवा दगडखाण भरून काढलेल्या जागेवर तर ट्रकने आणून टाकलेला मुरूमही “मुरूम लागला” याच शब्दांत सांगितला जातो. भरावाचा मुरूम आणि मूळ जमिनीचा मुरूम यांच्या भार पेलण्याच्या ताकदीत फार मोठा फरक असतो. भरावात विटांचे तुकडे, प्लास्टिक, कुजलेली मुळे आढळतात आणि पहार सहज आत जाते.

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. घराचे एक फुटिंग तिच्यावर आणि दुसरे खडकावर असेल, तर घर दर वर्षी एका बाजूने उचलले व खाली सोडले जाते. म्हणून खड्ड्याचा तळ ठेकेदाराने नव्हे, अभियंत्याने स्वतः उतरून पाहावा आणि मान्यता लेखी द्यावी. तळाशी साचलेले पाणी व चिखल काढल्याशिवाय पीसीसी ओतू देऊ नये. खोदाई गरजेपेक्षा जास्त झाली असेल तर ती उकरलेल्या मातीने नव्हे, साध्या काँक्रीटने भरावी.

प्रश्न : भिंतीखालचा पाया एकाच वेळी पूर्ण लांबीत खोदला आहे. हे योग्य आहे का?

हे धोकादायक आहे, आणि पुढचे वाचण्यापूर्वी काम थांबवावे. अंडरपिनिंग साधारण एक ते दीड मीटर लांबीच्या तुकड्यांत करतात, तेही शेजारचे दोन तुकडे कधीच एकत्र न उघडता. पहिला, तिसरा, पाचवा असे तुकडे आधी खोदून, भरून आणि जुन्या पायाशी घट्ट ठोकून घेतल्यानंतरच मधल्या तुकड्यांना हात लावायचा असतो. पूर्ण चर एकदम उघडला की भिंत मधल्या मधे तरंगते. दगडी पायाच्या जुन्या बांधकामात सांध्यांत माती किंवा चुना भरलेला असतो, आणि अशा पायाचे दगड एकेक करून निसटायला लागतात.

चर दीड मीटरपेक्षा खोल असेल तर त्याच्या बाजूंना फळ्या व आडवे टेकू लावल्याशिवाय कोणालाही आत उतरू देऊ नये. आत काम करणारे बिगारी हे कोणाचे तरी मुलगे आणि वडील असतात, ही गोष्ट घरमालकानेही विसरू नये. पेठांत सामाईक भिंत असते, तेथे शेजाऱ्यांना आधी लेखी कळवावे आणि त्यांच्या भिंतीवरील जुन्या भेगांची छायाचित्रे दोघांनी मिळून काढून ठेवावीत.

दरवाजे अचानक अडकू लागले, गिलावा गळू लागला, लाकडातून किंवा भिंतीतून आवाज येऊ लागले, तर सामान न आवरता सर्वांनी घराबाहेर पडावे आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे.

प्रश्न : भेगा पडल्या आहेत. कोणत्या भेगांची काळजी करावी?

भेग आज किती मोठी दिसते, यापेक्षा ती वाढते आहे का, हे जास्त महत्त्वाचे आहे. गिलाव्यावरील कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसभर रेषा सहसा वरवरच्या असतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर किंवा खाली जाणारी, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती होत जाणारी भेग मात्र पाया असमान खचल्याची खूण असू शकते. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ ओढून तारीख लिहावी. भेगेवर आडवी पातळ काचपट्टी दोन्ही बाजूंना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवावी आणि तिच्यावरही तारीख घालावी. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे. ठेकेदार भेगा भरून टाकण्याची घाई करत असेल तर नोंद होईपर्यंत त्याला थांबवावे.

प्रश्न : काम थांबवायचे आणि पैसे रोखायचे, ते कसे? संबंध बिघडतील याची भीती वाटते.

भीती स्वाभाविक आहे, विशेषतः ठेकेदार ओळखीतून आलेला असतो तेव्हा. तरीही भांडणाऐवजी पत्र लिहिणे दोघांच्याही हिताचे असते. पत्रात तारीख, नेमकी जागा, रेखाचित्रात काय आहे, प्रत्यक्षात काय मोजले गेले आणि स्वतंत्र अभियंत्याची पाहणी होईपर्यंत त्या भागातील काँक्रीट व भराव थांबवावा, एवढेच असावे. आरोपांची भाषा टाळावी. ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले तरी ईमेलने किंवा स्पीड पोस्टानेही पाठवावे. केवळ शंका असलेल्या भागाचे पैसे रोखावेत, निर्विवाद झालेल्या कामाचे आणि मजुरांच्या रोजाचे पैसे अडवू नयेत.

काम थांबवताना एक काळजी फार महत्त्वाची आहे. उघडा चर आणि टेकूंवरचा बीम तसाच सोडून ठेकेदाराला परत पाठवू नये. आधी जागा सुरक्षित करून घ्यावी, आणि पावसाचे दिवस असतील तर चरात पाणी जाणार नाही अशी व्यवस्था करून घ्यावी. तात्पुरत्या टेकूंना ठेकेदाराने नेण्यासाठी हात लावू नये, हे त्याच पत्रात लिहावे. टेकू भाड्याचे असतील तर भाडे आपण भरावे. मोडलेल्या घरापेक्षा ते फारच स्वस्त पडते.

प्रश्न : स्वतंत्र अभियंता कसा निवडावा?

तो ठेकेदाराने सुचवलेला नसावा, त्याला दुरुस्तीच्या कामात वाटा नसावा आणि जुन्या इमारतींचा अनुभव असावा. पुणे महानगरपालिकेकडे परवानाधारक स्ट्रक्चरल अभियंत्यांची नोंद असते. शुल्क ठरवताना तोंडी सल्ला नको, मोजमापे, छायाचित्रे आणि सहीसह अहवाल हवा, असे आधीच सांगावे.

प्रश्न : कोणत्या चाचण्या कराव्यात?

सर्वांत खात्रीची आणि स्वस्त चाचणी म्हणजे एका फुटिंगजवळचा भराव काढून ते डोळ्यांनी पाहणे आणि मोजणे. त्याआधी महागड्या यंत्रांची गरज नसते.

काँक्रीट ओतायचे बाकी असेल तर चाचणीसाठी १५० मिलिमीटरचे घन, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे, भरून घ्यावेत. पाच घनमीटरपर्यंतच्या कामाला मानकानुसार किमान एक नमुना, म्हणजे २८ दिवसांच्या चाचणीसाठी तीन घन लागतात. सात दिवसांचा अंदाज हवा असेल तर आणखी तीन भरावेत. ते आपल्यासमोर भरले जावेत, त्यांवर तारीख व आपली सही असावी, आणि ते एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत किंवा अभियांत्रिकी संस्थेच्या प्रयोगशाळेत आपणच पोहोचवावेत.

काँक्रीट आधीच झाले असेल तर रिबाउंड हॅमर, म्हणजे ठोका देऊन त्याची उसळी मोजणारे यंत्र, हे पहिले साधन असते. मात्र त्यावरून काढलेल्या ताकदीत २५ टक्के इकडे-तिकडे फरक पडू शकतो आणि ते केवळ पृष्ठभागाविषयी सांगते. अल्ट्रासोनिक चाचणीने आतील पोकळ्या आणि हनीकोंब (माल नीट न बसल्याने खडी उघडी राहिलेले सच्छिद्र भाग) कळतात, कव्हर मीटरने सळया कुठे व किती खोल आहेत ते कळते. वाद गंभीर असेल तर कोअर, म्हणजे काँक्रीटमधून कापून काढलेले दंडगोल नमुने, काढावे लागतात. किमान तीन कोअरची सरासरी अपेक्षित घन-ताकदीच्या ८५ टक्के असावी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नसावा, असा आयएस ४५६ चा निकष आहे. केवळ हॅमरचे आकडे दाखवून “काँक्रीट पास झाले” असे कोणी सांगितले तर ते मान्य करू नये. माथ्याची फट आणि तळाची माती हॅमरला दिसत नाहीत.

प्रश्न : सर्व बुजवून फरशीही झाली आहे. आता काय करता येईल?

संशय बळकट असेल तर फरशी फोडावीच लागेल, परंतु सगळीकडे नव्हे. सर्वांत जास्त भाराचे एक आणि सर्वांत जास्त शंकेचे एक, अशी दोन ठिकाणे अभियंत्याला निवडू द्यावीत. ठेकेदाराला उघडण्याची वेळ आधी लेखी कळवून उपस्थित राहण्यास सांगावे. तो आला नाही तरी पंचनामा करून, टेप ठेवून छायाचित्रे काढावीत. दोन्ही जागा रेखाचित्राप्रमाणे निघाल्या, तर ठेकेदारावरचा अविश्वास मोकळेपणाने मागे घ्यावा आणि उघडण्याचा खर्च आपण सोसावा.

प्रश्न : चूक सिद्ध झाली. दुरुस्ती त्याच ठेकेदाराकडून करून घ्यावी का?

चूक अज्ञानातून झाली असेल, तो ती मान्य करत असेल आणि स्वतंत्र अभियंत्याच्या लेखी पद्धतीनुसार, त्याच्या देखरेखीखाली काम करण्यास तयार असेल, तर मी हो म्हणते. माथ्याच्या फटीसारखी चूक पूर्णपणे दुरुस्त होते. चूक लपवली गेली असेल, म्हणजे फट लिंपली असेल किंवा हनीकोंबवर गिलावा केला असेल, तर त्याला पायाजवळ पुन्हा येऊ देऊ नये.

प्रश्न : कायद्याने काय मिळू शकते?

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ मध्ये याच्याशी अगदी मिळतेजुळते उदाहरण दिलेले आहे. आगाऊ पैसे घेऊन घराची दुरुस्ती कराराप्रमाणे न केल्यास, ती कराराप्रमाणे करून घेण्याचा खर्च मालकाला वसूल करता येतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार घरबांधणी ही सेवा आहे आणि स्वतःच्या राहत्या घराच्या कामातील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगातच दाखल होते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

महारेरा या गृहप्रकल्पांच्या राज्य नियामक प्राधिकरणाविषयी नेहमी गैरसमज असतो. बिल्डरकडून घेतलेल्या घरात ताब्यापासून पाच वर्षांत संरचनेचा दोष निदर्शनास आणून दिला, तर प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करावा, असे रेरा कायद्याचे कलम १४ सांगते. स्वतःच्या बंगल्यासाठी आपण नेमलेल्या ठेकेदाराला ते लागू होत नाही.

प्रश्न : महापालिकेची परवानगी लागते का?

भार पेलणारे भाग बदलणारे काम रंगरंगोटीसारख्या किरकोळ दुरुस्तीत मोडत नाही, त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी बांधकाम परवानगी विभागाकडे, आणि हद्दीबाहेर पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), अभियंत्यामार्फत विचारणा करावी. तीस वर्षांहून जुन्या इमारतीच्या स्थैर्याचा दाखला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार मागितला जाऊ शकतो, आणि तो देणाऱ्या अभियंत्याला या कामाची कागदपत्रे पाहावी लागतील.

प्रश्न : दुरुस्ती झाल्यावर घर कधी निर्धास्त मानावे?

काळ्या मातीच्या जागेवर किमान एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा जाऊ द्यावा. महिन्यातून एकदा, शक्यतो त्याच तारखेला, काचपट्ट्या पाहाव्यात, भेगांच्या टोकांच्या खुणा तपासाव्यात आणि वहीत नोंद करावी. गच्चीचे पाणी आणि स्नानगृहाचे सांडपाणी पायाजवळ मुरत नाही, याची याच वर्षात खात्री करावी, कारण नीट दिलेला आधारही गळक्या ड्रेनेजशेजारी पुन्हा खचतो. वर्षभर नोंदी स्थिर राहिल्या तर भेगा भरून रंग द्यावा. खड्ड्यांची छायाचित्रे, घनांचे अहवाल, रेखाचित्रे आणि ही वही घराच्या खरेदीखतासोबत ठेवावी, म्हणजे पुढे ज्याला या पायाला हात लावावा लागेल, त्याला आत काय आहे ते न फोडता कळेल.